भाऊजींचा पाय

आमचे भाऊजी गाडी चालवायला शिकवतात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या शेजारी बसून काढली. गाडी शिकणारा चालवतो, हे तोंड चालवतात. गॅरेजच्या वर त्यांच्या शाळेची एकच खोली आहे. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, टेबलावर लाकडी स्टिअरिंग आणि खुर्चीत स्वतः, नाकाने कांदे सोलत. खाली बोर्ड लावलाय, 'पंधरा दिवसांत गाडी शिका'. पंधरा दिवसांत तिथे कोणी शिकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मला स्वतःला चौतीस लागले.

सगळं अडायचं ते पाण्याच्या टाकीच्या चढावर. दहाव्या-बाराव्या दिवशी भाऊजी तिथे नेतात, अर्ध्या चढावर थांबवतात आणि म्हणतात, "हं, आता उचला." आपण क्लच सोडायला लागावं, की गाडीला एक झटका बसतो आणि ती बंद पडते. पुन्हा सुरू करा, पुन्हा झटका. भाऊजी खिडकीबाहेर बघत सुस्कारा सोडतात. "सगळ्यांना नाही जमत हो. उपजत लागतं. अजून पंधरा दिवस घेऊ." शिकवायच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक असतो, शिकणाऱ्याने घोटाळा केलाच तर सावरायला. त्या ब्रेकवरच्या आपल्या पायाला ते 'देवाचा पाय' म्हणतात. काय ही नम्रता.

माझी ताई याच देवाची बायको. ती नर्स आहे. बावीस वर्षांपूर्वी तिची फिरत्या नर्सच्या जागेसाठी निवड झाली होती. आडवाटेच्या वस्त्यांवर जायचं, बाळंतिणी बघायच्या, बाळांचं वजन करायचं. सरकारी गाडी मिळणार होती, ती फक्त स्वतः चालवता यायला हवी होती. ताई तेव्हा हवेत होती. मग भाऊजींनी तिला टाकीच्या चढावर नेलं. एका सकाळी गाडी एकोणीस वेळा बंद पडली. भाऊजींनी मोठ्या मनाने ओळखीतून तिला परवाना मात्र काढून दिला आणि वेळच्या वेळी त्याचं नूतनीकरणही केलं. पण ताईला खोटं वागता येत नाही. ती नोकरीच्या ऑफिसात जाऊन सांगून आली, "कागद आहे, पण मला चालवता येत नाही." आणि मुकाट्याने आपल्या वॉर्डात परतली.

एकोणिसाचा आकडा भाऊजींनी प्रत्येक जेवणावळीत सांगितला. आम्ही प्रत्येक वेळी हसलो. 'ताई चढली तर लिफ्टसुद्धा बंद पडेल', हा विनोद माझा.

यंदा भाचीची परीक्षा संपली आणि चार दिवस समुद्राच्या कडेने फिरायचं ठरलं. भाऊजींनी शाळेचीच गाडी काढली. टपावरचा शाळेचा बोर्डही ठेवला, तेवढीच जाहिरात. रस्ता असा की एका हाताला डोंगरभर झाडी आणि दुसऱ्या हाताला झाडी थेट पाण्यापर्यंत उतरलेली. खोडांच्या मधून समुद्र दिसायचा, जायचा, पुन्हा दिसायचा. भाऊजींना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना समोरून येणाऱ्यांच्या चुका दिसत होत्या.

"बघ, बघ, वळणावर गिअर बदलला. याला कोणी शिकवलं?"

"तुम्ही नक्कीच नाही, भाऊजी," मी मागून म्हणालो. "अजून शिकतच असता तो."

भाची फिसकन हसली. ताई हसली नाही. ती शेजारच्या सीटवर पाय आखडून बसली होती, चुकून ब्रेकला लागायला नको म्हणून. दोन तास तशीच.

दुपारी एका खडकाळ किनाऱ्यावर थांबलो. भाची फोटोसाठी खडकावर चढू लागली, तर भाऊजींनी तिला अडवलं. शेवाळावर पाय कसा टाकायचा याचं शास्त्र असतं म्हणे. ते त्यांनी समजावलं, मग करून दाखवलं आणि धाडकन आपटले. उजवा घोटा बघता बघता टम्म सुजला. ताईने चाचपून पाहिला. "हाड मोडलं असणार. हॉस्पिटल गाठायला हवं." फोनला रेंज नव्हती. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते, गाडीला हात लावायची मनाई होती. भाची सतरा वर्षांची. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"मला येत नाही, माहीत आहे ना?" ताई म्हणाली.

"मी आहे ना शेजारी," भाऊजी कण्हत म्हणाले. "सावकाश घे. बंद पडली तर रडू नकोस, पडणारच."

ताईने चावी फिरवली. गाडी निघाली. पहिला चढ आला, पुढे लाकडांचा ट्रक थांबला होता, म्हणून तिलाही थांबावं लागलं. ट्रक हलला. ताईने श्वास रोखून क्लच सोडला आणि गाडी गुमान वर चढली. दुसऱ्या चढावरही चढली. तिसऱ्यावर ताईच्या खांद्यांतला ताण गेलेला मला मागून दिसला. ती चक्क बाहेर समुद्राकडे बघत म्हणाली, "किती जवळ आहे पाणी."

चौथ्या चढावर समोरून बस आली, ताई बाजूला थांबली. बस गेली. ती निघणार, तेवढ्यात भाऊजींचा डावा पाय आडवा सरकला आणि त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर टेकला. मी दोन सीटच्या मधून स्वच्छ पाहिलं. गाडीला झटका बसला आणि ती बंद पडली.

तो झटका ताईच्या अंगाला ओळखीचा होता. तिने मान वळवून खाली पाहिलं.

"पाय काढा," ती म्हणाली.

"अगं, घसरेल मागे, म्हणून—"

"काढा."

त्यांनी काढला. ताईने गाडी सुरू केली. चार हात पुढे नेली आणि त्याच चढावर मुद्दाम थांबवली. पुन्हा उचलली. पुन्हा थांबवली, पुन्हा उचलली. एकदाही बंद पडली नाही. मग तिने हँडब्रेक ओढला.

"टाकीच्या चढावर पण?"

भाऊजींनी समोरच्या काचेकडे नजर वळवली. "पायाला सवय आहे ती," ते पुटपुटले. "धंद्यातली. सगळेच करतात."

"मी गिऱ्हाईक होते का?"

"बाळंतिणीसाठी रात्री-बेरात्री जंगलातून एकटी फिरली असतीस तू. मला बरं वाटलं असतं का?"

"मग तसं म्हणायचं होतंत. मी भांडले असते."

माझी त्यांच्यावरची चीड इतकी उफाळून आली की त्यांचा दुसरा पायही मोडावासा वाटला. आणि मग लिफ्टचा विनोद आठवला, आणि कोणावर चिडावं कळेना. ताईला हसणाऱ्यांत मीच पहिला होतो.

"ताई," मी म्हणालो, "अजून अर्ज करता येईल. येऊन-जाऊन ड्रायव्हिंगचाच तर प्रश्न होता."

ताईने हँडब्रेक सोडला. गाडी झटका न देता वर निघाली.

"चाळिशीच्या आतल्यांनाच घेतात रे," ती म्हणाली. "मी त्रेपन्नची आहे."