वाळवी लागलेली माझी खिडकी

मंडळी, तासाभरापूर्वी झिरकपूरहून, मैत्रिणीकडच्या पूजेहून परत आलेय.

आमची मागची खोली वाढवताना भिंत पाडली. तिथलीच जुनी सागवानी खिडकी नव्या भिंतीत बसवायची ठरवली होती, तेवढाच खर्च वाचला असता. पण ठेकेदार म्हणाला, "मॅडमजी, इसमें दीमक है."

हा ठेकेदार सुचवणारी माझी मैत्रीण वर्षा शेजारीच उभी होती. "अगं, वाळवी घरभर पसरेल. देऊन टाक त्याला," ती म्हणाली. मी दिली, आणि ॲल्युमिनियमची नवी घेतली.

आज वर्षाच्या नव्या खोलीची पूजा होती. प्रसाद हातात घेऊन वर पाहिलं, तर समोर माझीच खिडकी! रंग तेवढा नवा. चौकटीवर मी ठोकून घेतलेली लोखंडी कडीसुद्धा तशीच.

"जुनी आहे, पण लाकूड एकदम पक्कं," वर्षा सगळ्यांना सांगत होती.

"आणि ही कडी?" मी विचारलं.

"ती आधीपासूनच होती. गुढीला बरी!"

गेल्या पाडव्याला माझ्या घरी याच कडीत काठी बांधताना खालून धरायला ही वर्षाच उभी होती.

ठेकेदाराचं सोडा हो. पण यंदा पाडव्याला वर्षा गुढी बघायला बोलावेल, तेव्हा मी कुठे बघू?