पडद्यावरचं प्रेत

लालबागच्या त्या थिएटरात दुपारचा खेळ सुटला, तेव्हा आम्ही सगळे शिव्या घालतच बाहेर पडलो. सिनेमा दिसायला देखणा होता. निळा धूर, भिजलेले रस्ते, प्रत्येकाच्या तोंडात सिगारेट. पण खून कोणी केला, ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. पैसे पाण्यात! चरफडत मी समोरच्या गाडीवर वडा घेतला.

शेजारी एक किडकिडीत माणूस हातात वडा धरून उभा होता. खात नव्हता. सारखं गळ्यावरून बोट फिरवत होता. चेहरा ओळखीचा वाटला आणि एकदम लक्षात आलं, पहिल्याच सीनमध्ये गळा चिरून पडलेलं प्रेत ते हेच.

"तुम्हीच ना ते?" मी हसून विचारलं.

"हो." तो हसला नाही. "मला मारलं कोणी, कळलं का तुम्हाला? शूटिंगला साहेब नुसतं म्हणाले, पडून राहा. म्हणून रोज येऊन बघतो. ते कळल्याशिवाय माझ्या पिंडाला कावळा शिवायचा नाही."

"अहो, सिनेमा आहे तो!"

समोर कठड्यावर खरंच एक कावळा होता. मी मुद्दाम वड्याचा तुकडा टाकला. त्याने झडप घालून उचलला. मग त्या माणसाने आपला तुकडा टाकला. कावळा जवळ आला, त्याने मान तिरकी करून बघितलं आणि उडून गेला.

तो माणूस पुढच्या खेळाचं तिकीट काढायला खिडकीकडे गेला.

वडे एकाच घाण्यातले होते.