समोरच्यासाठी गेमपॅड

दादा फौजेतून घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता. बर्फात ड्युटीवर असताना गेला, एवढंच त्यानं सांगितलं. तो हात कायम पँटच्या खिशात असायचा. जेवतानासुद्धा. घरात त्या खिशाकडे कोणी बघत नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांचं लक्ष सारखं तिकडे असायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आष्ट्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आमची वस्ती गावापासून लांब, त्यामुळे दादा संध्याकाळी मोटारसायकलवर मला न्यायला यायचा. क्लच दाबायचा म्हणून तेवढ्यापुरता तो हात बाहेर निघायचा. गाडी लावली की परत खिशात.

क्लासमधल्या एकाच कॉम्प्युटरला स्पीकर होते, आणि त्यावर क्लास चालवणाऱ्या सरांच्या भाच्यानं मारामारीचा एक गेम घातला होता. भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला होता, रविवारी मामाकडे यायचा. हुशार मुलगा. बोलायलाही गोड. क्लासची पोरं त्याच्याकडून हरायला रांग लावायची.

एका रविवारी मी हजेरीचं काम उरकत होते, दादा दाराशी उभा राहून बघत होता. भाच्यानं सहज म्हटलं, "दादा, या की. बसा एक डाव."

मला वाटलं, हा आता खाली जाऊन गाडी सुरू करील. पण तो आत आला, खुर्ची ओढली आणि खिशातला हात काढून कीबोर्डवर ठेवला. डाव्या हाताची चार बोटं अक्षरांवर टेकली. माणूस पुढं, मागं, वर उडवायला तेवढी बोटं पुरत होती. ठोसे आणि लाथा उजव्या हाताला. अंगठ्याचं तिथं काही कामच नव्हतं. तो सपाटून हरला. पण पुढच्या रविवारी माझ्याआधी गाडीवर बसून हॉर्न वाजवत होता.

दोन महिने असं चाललं. दादा घरी मोकळं बोलायला लागला नव्हता, पण जेवताना त्याची उजव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर ठेका धरायची. आई बघायची आणि काही विचारायची नाही.

मग एका रविवारी दादा जिंकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा पाणी प्यायला बाहेर गेला, तेव्हा भाचा पोरांना म्हणाला, "अरे, कीबोर्डच्या कळा अडकत होत्या. आणि तसंही, हात तसला आहे त्यांचा. मी जरा सोडूनच खेळलो."

मी वर बघितलं तर दादा दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं. भाच्याचा चेहरा पडला. दादाचा हात खिशात गेला. घरी येईपर्यंत मागं बसून मी त्याच्या ताठ झालेल्या पाठीकडे बघत होते.

पुढचे काही दिवस त्यानं घरात कुणाशी शब्द काढला नाही. वडिलांनी उसाला पाणी पाजायला चल म्हटलं तरी उठला नाही. मला भीती वाटायला लागली. एका सकाळी मीच म्हटलं, "दादा, तो जे बोलला ते सोड की."

"कळा अडकत हुत्या, ते खरं हाय," तो म्हणाला.

ते खरंच होतं. एकाच कीबोर्डवर दोघं खेळत, आणि तीन-चार कळा एकदम दाबल्या गेल्या की बाकीच्या मुक्या होत. कुणाच्या होतील याचा भरवसा नसे.

"सांगलीला चल," तो म्हणाला. "खेळायचं यंत्र आणायचं हाय."

सांगलीतल्या दुकानात माल फारसा नव्हता. दुकानदारानं कपाटातून दोन गेमपॅड काढले. दोन्ही हातांत धरायचे, डाव्या अंगठ्याखाली माणूस हलवायची फुली, उजव्या अंगठ्याखाली बटणं. "मारामारीच्या गेमला हेच लागतं," तो म्हणाला. दादानं उजव्या हातानं एक उचलला. दुसरा हात वर आला आणि दुकानदाराची नजर त्यावर थांबली.

मी दादाच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

दुकानदारानं घाईनं गेमपॅड मागे ओढले आणि एक उंच जॉयस्टिक पुढं ठेवली, विमानाच्या गेमची. "हे घ्या साहेब. मुठीत धरायचं. याला अंगठा..." तो थांबला. "म्हणजे, हे सोपं पडेल."

"ते लावा," दादा म्हणाला.

दुकानदारानं कॉम्प्युटरच्या मागं वायर खोचली. गेम सुरू झाला. दादानं दांडा मुठीत धरला. मुठीत तो छान बसला, पण ढकलल्यावर पडद्यावरचा माणूस उशिरा हलायचा, आणि सोडल्यावर आपोआप डावीकडे सरकत राहायचा. दुकानदार घाम पुसत मध्यबिंदू जुळवत बसला. तरी सरकत होता.

"मारामारीला हे कामाचं न्हाई," दादा म्हणाला. "आता ते दोन लावा." मग माझ्याकडे वळला. "तू खेळ."

"मी कशाला?"

"माझ्यासाठी न्हाई घ्यायचं. मला कीबोर्ड बास हाय. ह्ये समोरच्यासाठी."

तेव्हा कुठं मला कळलं. भाच्याच्या हातात वेगळं यंत्र गेलं की कीबोर्ड एकट्या दादाला. कुणाची कळ अडकायची नाही.

मी पहिला पॅड हातात घेतला. दादा मागं उभा राहून सांगत होता: खाली, मग तिरकं, मग पुढं, आणि ठोसा. तसं जमलं की माणसाच्या हातून आगीचा गोळा सुटायचा. माझ्याकडून तो सुटेना. मला वाटलं माझंच चुकतंय. दादानं माझ्या अंगठ्याकडे वाकून बघितलं. "तू बरोबर दाबतीयास. फुली तिरकी वळत न्हाई. दुसरा दे."

दुसरा पॅड दिसायला जुनाट होता, पण त्याची फुली सगळ्या बाजूंना मऊ झुकत होती. गोळा सुटला. परत सुटला.

दुकानदार न राहवून म्हणाला, "साहेब, समोरच्याला इतकं चांगलं कशाला देताय?"

दादा पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघत म्हणाला, "हरल्यावर त्याला कारण सापडाय नगं."

रविवारी आम्ही लवकर गेलो. दुपारनंतर लाईट जायची, ती धास्ती वेगळीच. दादानं पॅड भाच्यासमोर ठेवला. "ह्यो तुमचा. सवय करून घ्या, मी थांबतो. आणि आज सोडून खेळायचं न्हाई."

भाचा लालबुंद झाला. "दादा, त्या दिवशी मी..."

"खेळा."

पहिला डाव भाच्यानं झटक्यात घेतला. मी रडायच्या बेतात होते. दुसऱ्या डावात दादा मागं मागं सरकत राहिला, मार अडवत राहिला, आणि भाचा उतावळा होऊन उडाला तेव्हा त्याला वरच्या वर पकडलं. एक-एक अशी बरोबरी झाली. पोरं खुर्च्यांवर चढली. सरही दाराशी येऊन उभे राहिले.

तिसऱ्या डावात पडद्यावरच्या, उरलेली ताकद दाखवणाऱ्या दोघांच्याही पट्ट्या तांबड्या झाल्या. एकच फटका उरला होता, ज्याचा आधी बसेल त्याचा डाव. दोघंही हलेनात. भाच्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तो त्यानं पुसला नाही. दादाची चार बोटं कळांवर नुसती टेकलेली. मग दोघांनी एकदमच झेप घेतली, आणि दादाचा माणूस आडवा झाला.

भाचा खुर्ची मागं पाडून उठला आणि छप्पर उडेल असा ओरडला. दोन्ही हात वर करून तो खोलीभर नाचला. समोर कोण आहे, त्याचा हात कसा आहे, काही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. मग एकदम आठवल्यासारखा थांबला आणि ओशाळून दादाकडे बघायला लागला.

दादा हसत होता. फौजेतून आल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. डावा हात उघडाच टेबलावर होता, पोरांची गर्दी त्याला घासून उभी होती, आणि त्यानं तो काढून घेतला नाही.

"लय घाम काढला गड्या तुमचा," तो भाच्याला म्हणाला. "खुर्ची उचला. बसा परत."