आयत्या वेळेचे तात्या

तात्यांच्या गालावर पहिली तीन वर्षं मी दाढीचा खुंट म्हणून पाहिला नाही. ज्या गावात कार्यक्रम असेल तिथं गाडी पोचली की बाकीची मंडळी पेट्या उतरवायला लागत आणि तात्या थेट न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसत. सकाळी एका गावात दाढी झालेली असली तरी दुपारी दुसऱ्या गावात पुन्हा. न्हाव्यानं वस्तरा लावला की हळूच विचारायचे, "काय म्हनतंय गाव?" अर्ध्या तासात कुणाचा बैल कुणाच्या उसात शिरला, कुठली विजेची डीपी जळून किती दिवस झाले, सोसायटीच्या निवडणुकीपासून कोण कुणाशी बोलेनासं झालंय, हे सगळं पदरात पाडून घेऊन ते उठत. तालीम म्हणून जे काही होतं ते एवढंच.

तात्या तमाशात सोंगाड्या होते. वगात राजा असतो, प्रधान असतो, गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण कुणी काय बोलायचं हे कुठं लिहिलेलं नसतं. ते ज्याचं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. तात्या प्रधान व्हायचे आणि ती जळकी डीपी नि तो चुकार बैल राजाच्या दरबारात असे काही आणून सोडायचे, की पुढं बसलेली माणसं शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारायची. एकच वग त्यांनी शेकडो वेळा केला असेल, पण एका गावातलं बोलणं दुसऱ्या गावात कधी आलं नाही. इंदापूर-बारामतीकडं त्यांना आयत्या वेळेचे तात्या म्हणत. त्यांचं पाळण्यातलं नाव मला रेशनकार्डावर बघूनच कळलं.

मी नव्वदीच्या सुरुवातीला कळसच्या शाळेत गुरुजी म्हणून आलो. मूळचा बारामतीचा, कॉलेजात दोन नाटकांत कामं केलेला, त्यामुळं नाटकातलं आपल्याला फार कळतं असा ताठा अंगात होता. खोली मिळाली ती तात्यांच्या शेजारी. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती; आता भाऊ ऊस करत होता आणि दारात पाच-सहा शेळ्या उरल्या होत्या. तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, शेळ्या, चूल आणि नवरा या तिघांनाही एकाच आवाजात दम देत.

एकदा मी तात्यांना विचारलं, "समोरचा एकदम भलतंच काही बोलला तर?"

"भलतं काय नसतंय, गुरुजी. समोरच्याचा बोल खाली पडू द्यायचा न्हाय. त्यो म्हनला आभाळातनं म्हस उडत चाललीया, तर आपुन म्हनायचं, व्हय, आन आता धार काढायला शिडी कुनाची आनायची? तितं न्हाय म्हनलं की वग बसला."

वडगाव निंबाळकरच्या जत्रेत मी हे डोळ्यांनी पाहिलं. जत्रेत रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी असते. फडानं देवापुढं आणि गावापुढं उभं राहायचं, थोडं गायचं, थोडं हसवायचं, अशी रीत. रात्री तमाशाकडं न फिरकणाऱ्या बायाही हजेरीला देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. त्या सकाळी वग ऐन रंगात असताना एक म्हातारी दुधाची किटली घेऊन सरळ राजा आणि प्रधान यांच्या मधून निघाली. डेअरीचा तोच जवळचा रस्ता असावा.

तात्या ओरडले, "महाराज, उठा! राजमाता आल्या!"

राजा करायचा श्रीपती. तो देखणा होता आणि दोन शब्दांपलीकडं त्याची मजल नव्हती. "व्हय, प्रधानजी," म्हणून तो उठला.

म्हातारी थांबली. तात्यांना खालीवर बघून म्हणाली, "राजमाता म्हनतूस व्हय? मग धर ही किटली आन डेरीत घालून ये. गाडी जाईल." आणि राजाच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

तात्यांनी किटली डोक्यावर घेतली आणि खरोखरच डेअरीत गेले. निम्मं गाव त्यांच्या मागं. इकडं श्रीपती म्हातारीपुढं हात जोडून व्हय, व्हय म्हणत उभा. पाव तासानं तात्या रिकामी किटली आणि चिठ्ठी घेऊन परतले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "राजमाता, फॅट कमी लागलीया. ह्या राज्यात दुधात पानी कोन घालतंय, त्याची चवकशी तुमच्या वाड्यापासनं सुरू करू का?" देवळाच्या पायऱ्यांवरच्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि म्हातारी सगळ्यांत जास्त. तात्यांनी वग तिथंच थांबवला आणि तिच्या पाया पडले. "आज आजीनं मारली बाजी," म्हणाले.

पण दिवस पालटले. घरोघर टीव्ही आले, जत्रा कमिट्यांना फिल्मी गाणी हवीशी वाटायला लागली. मालकानं फडाच्या नावामागं ऑर्केस्ट्रा हा शब्द चिकटवला. तात्यांचा वग तासाचा अर्धा तास झाला, मग पोरी साड्या बदलून येईपर्यंतची पाच मिनिटं. शेवटी मालकानं त्यांच्या हातात विनोदांची एक कॅसेट ठेवली आणि ती पाठ करायला सांगितली. चार गावं तात्यांनी करून पाहिलं. पाचव्या गावात पेटी उचलली आणि घरी आले. मला म्हणाले, "गुरुजी, काल तिकडं हसून झालेलं आज हितं परत कसं हसवायचं? ते शिळं आसतंय." वर्षभरात फडही मोडला.

त्यानंतर तात्यांची दाढी वाढली. कुणी वग म्हटलं की विषय बदलत. दिवसभर शेळ्यांमागं असत. काकी माझ्यापाशी तक्रार करत, "शेरडांसंगं बोलत्यात. आन शेरडं हसत न्हाईत म्हनून घरी येऊन माझ्यावर डाफरत्यात." मी हसायचो, पण मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

अशात बारामतीला एका संस्थेनं लोकनाट्याची स्पर्धा ठेवली. जी मंडळी पहिली येईल तिला वर्षभर गावोगाव कार्यक्रम मिळणार होते. म्हणजे तात्यांचा स्वतःचा फड उभा राहणार! अट एकच, वगाची लिहिलेली संहिता आधी द्यायची. "लिहायला मी आहे ना," असं मी छाती पुढं काढून सांगितलं.

शाळा सुटल्यावर तात्या बोलत आणि मी लिहीत असे. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"ह्यो कोन बोलतोय?"

"तुम्हीच, तात्या. काल."

"काल आसंल. आज म्या आसं बोलनार न्हाय."

मी हट्टाला पेटलो. वही पुरी केली, वर कॉलेजातली सगळी अक्कल खर्चून त्यांची वाक्यं घासूनपुसून शुद्ध केली. तात्यांना वाचता येत नव्हतं. ते शेळ्या चारत आणि मी बांधावर बसून एकेक वाक्य त्यांच्याकडून घोकून घेत असे. काकी चहा घेऊन येत आणि बघत उभ्या राहत. एकदा म्हणाल्या, "गुरुजी, ह्यास्नी बोलायचं शिकवताय? गप बसायचं शिकवलं आसतं तर जलमभर नाव घेतलं आसतं." तात्या मात्र निमूट घोकत होते. फड हवा होता त्यांना. त्यासाठी त्यांनी माझी ती गुळगुळीत वाक्यं सुद्धा गिळली.

स्पर्धेच्या दुपारी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत परीक्षक आमची संहिता मांडीवर घेऊन बसलेले. तात्या दाढी करून, फेटा बांधून उभे राहिले आणि झेंडावंदनाला भाषण करणाऱ्या मुलासारखे बोलायला लागले. शब्द न् शब्द बरोबर. पण हसायला कुणी तयार नाही. दहा मिनिटं झाली. मी विंगेत वही धरून उभा. या माणसाचं मी काय करून ठेवलं होतं!

तेवढ्यात राजा झालेला श्रीपती म्हणाला, "प्रधानजी, राज्याची काय हालहवाल?" आणि तात्या अडले. पुढचं वाक्य गेलंच. मी विंगेतून सांगितलं. ते श्रीपतीकडंच बघत राहिले. मी मोठ्यानं सांगितलं. ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

तात्यांनी कानावर हात ठेवला. "महाराज, भिंत बोलतीया."

"व्हय, प्रधानजी!" श्रीपतीच्या जिवात जीव आला होता.

"आन शुद्ध बोलतीया." लोक खुदकन हसले. ते हसू कानावर पडलं मात्र, तात्यांचा चेहरा बदलला. ताडताड विंगेत आले आणि मला दंडाला धरून उजेडात ओढून नेलं. "ह्ये आपल्या राज्याचं गुरुजी, महाराज. कुनी कवा काय बोलायचं, समदं ह्यांनी वहीत लिवून ठिवलंय. बगा गुरुजी, आता म्या काय बोलतोय?"

समोर ओळखीची निम्मी बारामती. मी वहीत पाहिलं, मला अक्षर दिसेना. तोंडातून निघून गेलं, "इथं असं लिहिलंय, की प्रधान आता गप्प बसतो."

तात्या पटकन खाली बसले आणि तोंडावर बोट ठेवलं. मग खुणा करून करून त्यांनी राज्याची अशी काही हालहवाल सांगितली, की लोक खुर्च्या बडवायला लागले. परीक्षक भराभर पानं उलटत होते. तात्यांनी ते पाहिलं. बोट काढून म्हणाले, "गुरुजी, तुमी सायबांना पान नंबर सांगितला न्हाय. सायेब, तुमाला घावलं तर आमाला बी सांगा, आमी बी तितंच येतो." परीक्षकांनी संहिता मिटली, चष्मा काढला आणि डोळे पुसले. पुढचा अर्धा तास मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही. इतका सुखाचा अर्धा तास माझ्या आयुष्यात फार वेळा आला नाही, एवढं मात्र खरं.

आमची मंडळी स्पर्धेतून बाद झाली. प्रयोग संहितेप्रमाणे झाला नाही, असं कारण दिलं, आणि ते खोटं कसं म्हणणार? एसटी स्टँडवर मी तात्यांची माफी मागितली. ते भेळ खात होते. म्हणाले, "आवो, मला वाटलं व्हतं तोंडच गेलं माजं. हाय की ते!" एवढ्यात धोतर नेसलेले दोन पाव्हणे शोधत आले. इंदापूरकडच्या एका जत्रा कमिटीचे होते, सभागृहात बसून आले होते. सुपारी द्यायची म्हणाले, म्हणजे कार्यक्रम पक्का. मात्र त्यांची एक अट होती, "त्यो येडबडलेला गुरुजी पायजे बगा."

तो येडबडलेला गुरुजी चार हंगाम जत्रांतून फिरला. हजेऱ्या चैत्र-वैशाखातल्या, बऱ्याचशा सुट्टीतल्या, त्यामुळं शाळा बुडत नव्हती. हेडमास्तर नाक मुरडत, पण हजेरीला पुढं बसत. तात्यांचा छोटासा फड उभा राहिला. वहीत मी पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही. कोरी वही हातात धरायची आणि तात्यांचा बोल झेलायचा. वर्गात मुलानं चुकीचं उत्तर दिलं तरी एकदम नाही म्हणायचं नाही, आधी तो काय म्हणतोय ते पाहायचं, हे मला तिथंच कळलं. बीएड करून कळलं नव्हतं.

मग माझी बदली जुन्नरकडं झाली. निघताना मला एकच रुखरुख होती, की आता फड बसणार. बोल टाकायला तात्या होते, व्हय म्हणायला श्रीपती होता, पण बोलाला बोल देणारं कुणी नव्हतं. तात्या एसटीपर्यंत आले. "आमचं बगू आमी," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता पिशवी वर चढवली.

पुढच्या चैत्रात तात्यांचा निरोप आला, डाळजला हजेरी आहे, या. मी रजा टाकून गेलो आणि गर्दीत मागं उभा राहिलो. माझ्या जागेवर, कोरी वही उलटी धरून, डोक्यावरून पदर घेतलेल्या काकी बसल्या होत्या.

"बगा वहीत," तात्या म्हणाले, "प्रधान आता काय करतोय?"

काकींनी सावकाश पान उलटलं. "प्रधान गावभर शहानपना करतोय. आन घरी शेरडं उपाशी हायती."

अख्खं डाळज लोटपोट झालं. मी तर हसता हसता खाली बसलो. चार वर्षांत मला कधी असा हशा मिळाला नव्हता. आनंद झालाच, पण खरं सांगायचं तर थोडं पोटातही दुखलं.

हजेरी संपल्यावर तात्या माझ्या गळ्यात पडले. सांगत होते, हंगामाच्या पहिल्या गावात ते बोल टाकून उभे होते, उत्तर द्यायला कुणी नाही, वग बसत चाललेला. हजेरीला आलेल्या काकींना बायांच्या घोळक्यात राहवलं नाही, आणि खालूनच त्यांनी असं एक उत्तर दिलं, की लोकांनीच त्यांना वर नेऊन बसवलं. पावण्यारावळ्यांत थोडी कुजबुज झाली. काकींनी त्या कुजबुजीलाही उत्तर दिलं म्हणे.

"तीस वर्सं, गुरुजी," तात्या म्हणाले, "तीस वर्सं म्या गावोगाव जोडीदार हुडकत फिरलो. आन चुलीम्होरं बसलेला दिसला न्हाय मला."

काकी पाठमोऱ्या सतरंजी झटकत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "दिसला आसता, तर तीस वर्सं तुमच्या भाकरी कुनी थापल्या आसत्या?"

तात्यांनी वाकून सतरंजीचं दुसरं टोक धरलं.