पिल्लाची किंकाळी

कामशेतजवळ डुकरांच्या फार्मवर कामाला लागलो, तर आठवड्यात मला सगळ्यांचे आवाज काढता यायला लागले. मालकांचं खाकरणं तर हुबेहूब जमायचं. एका सकाळी दोन दिवसांच्या पिल्लांचे सुळे आणि शेपट्या कापायच्या होत्या. तिथले जुने कामगार भाऊ पिल्लं टोपलीत घालून लांबच्या शेडमध्ये घेऊन गेले. मी एकेक पिल्लू धरत होतो आणि ते पक्कड चालवत होते. भूल वगैरे काहीच नाही. पिल्लं जिवाच्या आकांतानं किंचाळत होती.

परत आल्यावर भाऊंना हसवावं म्हणून मी पिल्लांच्या आईच्या पिंजऱ्याच्या गजांपुढं तीच किंकाळी काढली. डुकरीण ताडकन उठली आणि गजांवर धडका द्यायला लागली. तिच्या नाकातून रक्त आलं.

"ए मुडद्या, गप की! तिला ऐकू येऊ न्हाई म्हणून तर लांब नेतो आमी!"

मी पळत त्या लांबच्या शेडमध्ये जाऊन पिल्लांची टोपली आणली. पिल्लं आत सोडली. तिनं दहाच्या दहा हुंगली आणि परत गजांपाशी आली. माझ्याकडं एक पिल्लू राहिलंय असंच तिला वाटत होतं.