शेजारचा धागा

चिमटीला राख लावली की आक्का आधी फुंकर मारायची आणि मग म्हणायची, "तुटल्याला मागनं बघ, आधी शेजारचं धर."

वडगावात मी लग्न होऊन आले, ती आक्काच्या समोरच्याच घरात. तुम्ही हातमाग जवळून पाहिला असेल तर ठाऊक असेल, ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की नव्या ताण्याचं एकेक टोक फणीत उरलेल्या जुन्या टोकाशी पिळून जोडतात. सांधणी म्हणतात तिला. गाठ मारायची नाही, चिमटीत राख घेऊन नुसता पीळ द्यायचा. बायकांचं काम ते, आणि आमच्या गल्लीत आक्काचं. विणताना एखादा धागा तुटला की नवखा माणूस तो शोधत बसतो. तेवढ्यात त्याचं लोंबतं टोक शेजारच्या धाग्यांत गुंततं आणि आणखी चार तोडतं. म्हणून तिचं ते बोलणं.

एका सकाळी चुलीपुढं बसल्या जागी तिच्या अंगावरनं वारं गेलं. तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा. तेलानं चोळून चोळून दीड महिन्यात ती भिंत धरून उभी राहिली, बोटं हलली, तेव्हा तिच्या थोरल्यानं गल्लीत गूळ वाटला.

आणि मग आम्ही सगळ्यांनी तिच्यावर माया केली. चूक म्हणाल तर हीच. सूनबाई घास भरवायची, लसणाची पाकळीसुद्धा सोलू द्यायची नाही. आजाऱ्याला विश्रांतीच हवी, असंच आम्ही धरून चाललेलो. मी तर तिची राखेची करवंटी उचलून घरी आणली. दिसली की जीव जळेल तिचा, म्हणून.

दिवाळी झाली आणि आलेलं एकेक परत जायला लागलं. बोटं आखडली, पाय ओढायला लागला. मला ती आपल्या लेकीच्या नावानं हाक मारायची आणि आपणच ओशाळायची.

टांगा करून तिला कॅम्पातल्या डॉक्टरांकडे नेलं. भले गृहस्थ. म्हणाले, मेंदूत मार एका जागी बसला, पण त्या जागेशी जोडलेलं होतं तेही आता मागाहून वाळत चाललंय. गेलेलं येणार नाही. उरलंय त्याला कामाला लावा, किती साधेल ते मी सांगू शकत नाही.

थोरल्यानं मान खाली घातली. सूनबाईनं पदर डोळ्यांना लावला. आणि आक्का हसली, वाकड्या तोंडानं, खुदुखुदू.

"ह्यात डाक्टरानं नवं काय सांगितलं?" ती अडखळत म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "माझी करवंटी दे, गं. तुझ्याकडंच हाय."

दुसऱ्या दिवशी खाटेच्या पायाला जुन्या ताण्याच्या दशा बांधल्या. उजवी चिमूट धागा धरायची आणि सोडायची, धरायची आणि सोडायची. सूनबाई घास घेऊन आली तर आक्का म्हणाली, "तू माझ्या तोंडात घास घालतीस, आन् हात ऱ्हातोय उपाशी." त्या दिवसापासून ती उजव्या हातानंच जेवली. निम्मं लुगड्यावर सांडायचं. सूनबाई धुवायची आणि रडायची, पण भरवायची नाही.

होळी झाल्यावर थोरल्याच्या मागावरचा ताणा संपला. सांधणी आपणच करणार, म्हणून आक्का हटून बसली. पूर्वी दिवसात उरकणारं काम, त्याला सहा दिवस लागले. हात थकला की टेकायची आणि तेवढा वेळ सांधायला मला बसवायची.

सातव्या दिवशी गल्ली मागाभोवती गोळा झाली. थोरल्यानं ताणा हळूच पुढं ओढला. जोड फणीतनं निघायला लागले. कच्चा असेल तो तिथंच तुटतो. सगळा ताणा पार झाला. तीन धागे तेवढे तुटले.

आक्का काठी टेकत आली, वाकून बघितलं आणि मला म्हणाली, "तिन्ही तुझंच, गं."

खरंच माझेच होते. त्या दिवशी आम्ही जेवढं हसलो तेवढं लग्नातही हसलो नसू.

पाय तिचा शेवटपर्यंत ओढतच राहिला, काही शब्द हरवले ते हरवलेच. पण पुढची सात वर्षं गल्लीतला एकेक ताणा तिच्याच चिमटीतनं गेला.

ती गेली तेव्हा अंघोळ घालताना एक बाई तिचा उजवा अंगठा घासायला लागली, राखेनं करडा झालेला. सूनबाईनं त्या बाईचा हात धरला.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ते तिनं कमावलंय."