वाघ नदीच्या दोन काठांवरची रोवणी

आमच्या गावातून भोपाळला जायचं म्हणजे आधी बॅग भरावी लागते. गोंदियाला जायचं तर नुसती पिशवी उचलायची. आम्ही मध्य प्रदेशात आहोत ते असं. मतदान इकडे, कलेक्टर बालाघाटला, शाळा हिंदी. पण डॉक्टर, लग्नाचा बस्ता आणि निम्मे सोयरे नदीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. माझी मुलं माझ्याशी मराठीत भांडण सुरू करतात आणि हिंदीत संपवतात.

जिल्हा मोठा आहे. वर बैहरकडे डोंगर आणि जंगल, मलाजखंडला तांब्याची खाण, खाली लालबर्रा-वारासिवनीच्या सपाटीवर भात आणि तांदळाच्या गिरण्या. आमच्या घरात यातलं दोन्ही आहे. नवरा मलाजखंडला एका ठेकेदाराकडे कामाला, आणि वाघ नदीच्या काठच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, माझ्याकडे. माझं माहेर नदीपल्याड, गोंदिया जिल्ह्यात. मधे एक रपटा आहे, म्हणजे पाण्याला टेकलेला बुटका पूल. उन्हाळ्यात त्यावरून बकऱ्यासुद्धा राज्य बदलतात.

या रपट्याच्या भरवशावर आमची रोवणी चालते. आमच्या गावच्या बायांची टोळी आणि माहेरची टोळी एकमेकींच्या बांध्यांत भात लावतात. एका वर्षी सुरुवात तिकडून, पुढच्या वर्षी इकडून. माझ्या सासूच्या सासूच्या काळापासून हे असंच आहे. कोणाला मजुरी द्यायची नाही. जेवण द्यायचं आणि पाळी पाळायची.

काही वर्षांपूर्वी पहिली पाळी माहेरची होती. आमची टोळी पलीकडे गेली. सोबत सासूही गेली, मी परे सांभाळायला घरी राहिले. तिला आता वाकता येत नाही, पण बांधावर उभं राहून दुसरीचं वाकणं मोजता येतं. तिकडचं संपलं की दोन्ही टोळ्या मिळून माझ्याकडे यायच्या होत्या. माझे परे, म्हणजे भाताची रोपं, अगदी वेळेवर आले होते.

तेवढ्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. या पाण्यात दोन्ही सरकारांचा वाटा आहे, त्यामुळे इशाराही दोन्ही सरकारांनी दिला. आमच्या काठावर कोटवार हिंदीतून ओरडत होता, पलीकडे कोतवाल भोंग्यातून मराठीत. मधे रपटा पाण्याखाली. गोंदिया रस्त्यावरचा मोठा पूलही बंद झाला. माझ्या बाया तिकडे आणि परे इकडे.

ज्यांनी भात लावला नाही त्यांच्यासाठी सांगते. पऱ्यांचं वय जाऊ द्यायचं नसतं. एकदा त्यांनी कांडं धरलं की मग लावा किंवा लावू नका, फुटवे येत नाहीत. माझे परे त्या टोकाला आले होते. पाणी ओसरायची वाट पाहिली असती तर वर्षभराचं भात गेलं असतं. गावात उरलेले हात आपापल्या बांध्यांत गुंतले होते. नवरा फोनवर म्हणाला, "मी येऊ का?" मी म्हटलं, "तुम्हाला रोवता येते का?"

चौथ्या घरची मुलगी सांगत आली की पंचायत भवनात बाहेरच्या बाया थांबल्या आहेत. मी चहाची किटली घेऊन गेले. माहेरापासून जवळच्याच एका गावची ती टोळी होती. लालबर्र्याला एका मोठ्या शेतकऱ्याची रोवणी करून परतत होत्या आणि रपट्यापाशी अडकल्या. म्होरकी म्हणजे उंच, हाडकुळी बाई. तिचा आवाज कोटवारापेक्षा मोठा.

मी सरळच विचारलं, "पाणी उतरंपर्यंत माह्या बांध्या लावून देता का?"

"काहून?" ती म्हणाली. "आमचे परे तिकडे पिवळे पडून राह्यले, आन आम्ही इकडं तुही बांधी हिरवी करू?"

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "चहा पाजून रोवणी मांगते वं हे."

रागवण्यासारखं काही नव्हतं. तिचं दुखणं आणि माझं दुखणं एकच होतं, फक्त काठ वेगळा होता. तसं मनात आलं आणि मी तिथूनच भावाला फोन लावला. नदीकाठी आमच्या फोनला महाराष्ट्राचा टॉवर सापडतो, तेवढी एक सोय आहे.

"आपल्या बाया काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"जेवून राहिल्या," भाऊ म्हणाला. "आमची रोवणी झाली, बाई. आता तुही सासू आमच्या गाईचं दूध कसं काढावं ते शिकवून राहिली."

मी त्याला त्या म्होरकीचं गाव सांगितलं. आपल्या टोळीला तिच्या बांधीत घाल, तिची टोळी माझ्या बांधीत उतरेल. भाऊ म्हणाला, मला चालेल, पण डोकरीला तू सांग. सासूने फोन घेतला.

"परक्याच्या बांधीत? आपली टोळी का भाड्याची हाय?"

"भाडं नाही, माय. अदलाबदल हाय. नाहीतर आपले परे बकऱ्या खातीन."

मग तिने विचारलं, "ते बाया दाट लावतेत का पातळ?"

मी म्होरकीकडे पाहिलं. म्होरकीने सगळं ऐकलं होतं. "त्यायले सांग, जशी बांधी तसं लावतो," ती ओरडली.

"हौ, ऐकलं मी," सासू म्हणाली. "आवाज हाय बाईले. मी सोता जाईन तिच्या बांधीवर. कोणाच्या भरवशावर नाही."

पण म्होरकीही कच्ची नव्हती. आधी तिकडे माझ्या बांधीत पऱ्यांच्या जुड्या पडू देत, मग मी तुझ्या बांधीत पाय घालते, म्हणाली. तिने घरी नवऱ्याला सांगून परे उपटून ठेवायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचायत भवनाच्या पायरीवर बसून राहिलो. तिचं तोंड फोनकडे, माझं माझ्या बांध्यांकडे. त्या वेळात मला वाटलं होतं की हे काही होत नाही. सासू अडून बसेल, किंवा तिचा नवरा परक्या बाया पाहून कटकट करेल. दोन गावांची ओळख नाही, पाळी नाही, नातं नाही.

भावाचा व्हिडिओ कॉल आला. चित्र हलत होतं, पण बाया दिसत होत्या. वाकलेल्या, मागे सरकणाऱ्या, माझ्याच गावच्या. म्होरकीने फोन नाकाजवळ नेला.

"बांधी माहीच हाय," ती म्हणाली. "ते वाकडं मोहाचं झाड दिसते. आन कमरेवर हात देऊन उभी हाय ते डोकरी कोण?"

"माही सासू."

"मंग काम होईनच," असं म्हणून तिने लुगड्याचा काचा घट्ट खोचला. मागच्या बायांना म्हणाली, "उठा वं. बसून हाडं गार झाले."

पाणी उतरायच्या आत माझ्या सगळ्या बांध्या लागल्या. मी परे उपटत होते, त्या लावत होत्या. त्यांची गाणी आमच्यासारखीच, चाल थोडी वेगळी. जेवताना एकीने विचारलं, तुमच्याकडे सरकार धान कोणत्या भावाने घेतं. दुसरी म्हणाली, तिला जेवू दे, भाव काय पळून जाऊन राह्यला? तिकडून सासूचे फोन येत. रोज एकच प्रश्न, दाट का पातळ. तिसऱ्यांदा म्होरकीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "माय, तुमच्या बाया माह्या बांधीत कोपरे सोडून राहिल्या, ते पाहा आधी." त्यानंतर सासूचे फोन बंद झाले. कोपरे मात्र भरले गेले, हे भावाने सांगितलं.

सीमेवरच्या जिल्ह्याबद्दल लोक बोलतात तेव्हा दुर्लक्षाचं बोलतात. भोपाळला आमची आठवण नाही, नागपूरला आम्ही त्यांचे नाही. खोटं नाही ते. पण त्या आठवड्यात माझं वर्ष वाचवलं ते याच जागेने. इथे कोणाचंच घर पूर्ण एका काठावर नसतं, म्हणून दुसऱ्या काठाला माणूस असतोच. मी देवाचे आभार रोज मानते असं नाही. त्या बायांचे मानते.

शेवटची बांधी संपली तेव्हा मी बांधावर उभी होते. आमच्याकडे रोवणी सरली की बाया मालकिणीला चिखल लावतात. आपल्या टोळीच्या बाया असतील तरच. या परक्या, त्या हात धुऊन निघतील, असं समजून मी पाण्याची बादली भरून ठेवली होती. म्होरकी वर आली. बादलीकडे तिने पाहिलंच नाही. ओंजळभर चिखल माझ्या दोन्ही गालांवर फासला, केसांपर्यंत नेला, आणि बाकीच्यांना हाक मारली, "या वं, हे पळाच्या आत."

मी पळाले नाही. डोळे मिटून उभी राहिले.